'पी' अक्षराची वही

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील आणि हातातलं काम उरकून मग उघडशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, नाहीतर याही वेळी माझा हात आखडेल: तुझी ती वही मी जाळली नव्हती. एकतीस वर्षं ती माझ्या कपाटात जुन्या चादरींखाली आहे. जाळून टाक म्हणून तू माझ्या हातात दिलीस, मी हो म्हटलं, आणि ठेवून दिली. आज मला ती वही वापरायची आहे आणि त्यासाठी तुझा होकार हवाय. पण तो मागण्याआधी तुला बरंच काही ऐकावं लागेल.

इकडे बाकी ठीक. तुझ्या भावजींचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांहून जास्त ते स्वतः. मी गेल्या वर्षी रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, टेलिफोनवर इतकं गोड बोलणारी ऑपरेटर कंपनीला पुन्हा मिळायची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेलीला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

त्या वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या टपोऱ्या अक्षरात नुसता एक 'पी' आहे. इंग्रजी असो की मराठी, त्या एका अक्षरापाशी तुझी जीभ अडायची. आम्ही सगळे वडिलांना पप्पा म्हणायचो, तू एकटी बाबा. लोकांना वाटायचं, शेंडेफळाचे लाड! पाणी हवं असलं तरी तू नुसतं 'तहान लागली' म्हणायचीस. आईलाही कधी कळलं नाही. तू फक्त मला सांगितलं होतंस, गळ्याची शपथ घालून. वहीत तू तीन रकाने आखले होतेस: शब्द, अर्थ आणि पळवाट. 'पळवाट' हाही तुला लिहिताच यायचा, बोलता नाही, यावर आपण दोघी किती हसलो होतो! पर्हॅप्स, कदाचित, मेबी. पोस्टपोन, पुढे ढकलणे, डिले. प्लीज, कृपया, काइंडली. पेशंटला तू 'सिक पर्सन' लिहिलं होतंस आणि मग खोडून बाजूला 'अगं बाई, हाही तसलाच!' असं लिहिलंस. ते वाचून परवाही मला हसू आलं, आणि हसता हसता रडू.

त्या वहीच्या जिवावर तू फडाफडा इंग्रजी बोलायचीस. 'काइंडली होल्ड' ऐकून लोकांना वाटायचं, काय अदब आहे पोरीची! म्हणून आमच्या कंपनीत टेलिफोनवर बोलायला माणूस हवंय म्हटल्यावर मीच तुला फॉर्म आणून दिला. ते खरंच मनापासून होतं गं. पण मी तेव्हा मागच्या खोलीत टायपिंग करत होते. खिडकी नाही, दिवसभर खडखडाट. आणि जो तो मला विचारायचा, तुझ्या धाकटीचा आवाज इतका गोड कसा? एक दिवस मीही गुपचूप फॉर्म भरला. तुला सांगितलं तेव्हा तू टाळ्या पिटल्यास, कुणालाही मिळो, घरातच राहील म्हणालीस.

आता ऐक. परीक्षेला टेलिफोनवर वाचून दाखवायचा उतारा नेहमी मीच टाइप करायचे. जुना, हवामानाचा, साधा उतारा होता. त्यात तुला अडवणारे दोनतीनच शब्द होते. तेवढे तू निभावून नेले असतेस. मी तो बदलला. तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझी वही उघडली आणि तिच्यातले सतरा शब्द वेचून नवा उतारा रचला. बोलताना तुला शब्द बदलता यायचे, छापील कागद वाचताना बदलता येत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. साहेबांना काय, समोर कागद आला की झालं.

साहेब आतल्या खोलीत रिसीव्हर कानाला लावून बसले होते आणि तू बाहेर, माझ्या टेबलापासून दोन हातांवर. पहिलाच शब्द 'प्लीज' होता. तुझे ओठ मिटले ते उघडेचनात. तू माझ्याकडे पाहिलंस, धीर मिळावा म्हणून. मी टाइपरायटरमध्ये कागद घालत बसले. नोकरी तिथल्या तिथे मला मिळाली. घरी जाताना तू म्हणालीस, नेमका तसलाच उतारा आला बघ, माझं नशीब. असू दे ताई, तुला मिळालं ना, मग झालं. त्यानंतर तू वही जाळायला दिलीस आणि बोलायचंच कमी केलंस. औषधांच्या गोदामात लेबलं चिकटवायची नोकरी धरलीस, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं. ते तुझं नशीब नव्हतं ठमे, ती मी होते.

एवढ्या वर्षांनी आजच का, असं तुला वाटेल. माझी नात, चिंगी, आठ वर्षांची झाली. महिनाभरापूर्वी ती शाळेतून आली आणि म्हणाली, आजी, तहान लागली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग मी तुझी वही काढली. पोरगी हरखली, तिसरा रकाना बोट ठेवून वाचायला लागली, आणि ही वही कुणाची म्हणून विचारलं. मी म्हणाले, माझी. पुन्हा चोरलंच की गं तुझं! तिने वर्गात सांगून टाकलं, आमची आजीसुद्धा अडखळायची आणि तरी टेलिफोनवर बोलायची. तेव्हा मात्र मला राहवेना. काल तिला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, जिची आहे तिला विचार, ती हो म्हणाली तरच मी घेईन. म्हणून विचारतेय. मला माफ करू नकोस हवं तर, पण तिला वही दे. आणि जमलं तर तू स्वतः येऊन दे. तिला अजून खरी वहीवाली भेटलेली नाही.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
ताई