आईच्या डब्यातली साखर

रतिलाल,

पाण्यातून वीज गेली की सुई हलते, ते तुझं यंत्र आज मी लावून पाहिलं. साखर कार्बनची, तिचे अणू पाण्यातही एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून सुई हलत नाही. मिठाचे सुटतात म्हणून हलते, असं तूच सांगितलंस. तुझ्या बाटलीतल्या शुद्ध पाण्यात दुकानातली साखर घातली, सुई हलली नाही. आईच्या डब्यातली घातली, तर हलली. जिभेवर ठेवली, खारट लागली नाही.

आपण गुळाचा चहा पितो. ही साखर फक्त आईच्या काढ्यात पडायची, आणि काढा दगूआत्या करायची. आई घोटभर देऊ लागली की आत्या म्हणे, "माले गोड चालस नही."

डबा घेऊन नंदुरबारला डॉक्टरांकडे जातो. तोवर आत्याच्या हातचं काही खाऊ नको. आईच्या तेराव्याला तिने शिरा दोनदा मागून घेतला.

बापू