अकराव्या जागेचा हँडलर

३ मार्च, मंगळवार
जागा मिळाली! कर्नलच्या, म्हणजे मशीनचा गाभा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत सॉफ्ट इंटरप्टसाठी, म्हणजे जरा मागे ठेवलेल्या कामांसाठी, दहाच जागा होत्या. अकरावी आजपासून माझ्या हँडलरची, म्हणजे ते काम करणाऱ्या माझ्या कोडची. किती सभ्य व्यवस्था असते ही. मशीन सुरू होताना एका ओळीत नाव नोंदवायचं: हा क्रमांक, हे काम. पुढे काम निघालं की दुसऱ्या एका ओळीने त्या क्रमांकाला हाक द्यायची. कर्नल हातातलं तातडीचं उरकतो आणि आपल्याकडे वळतो. शाळेत सिस्टर क्लोतिल्दे हेच सांगायच्या. पटावर नाव आहे ना, मग ताठ बसा, मधे बोलू नका, हाक येईल.

आमचे साहेब सेउ वाल्देमार कुरकुरले. दोना लेओकाडिया, जूनमध्ये तुम्ही निवृत्त होणार, बसथांब्याच्या फाटकावर कार्ड टेकवलं की फाटक उघडतंय, आता कशाला नवी भानगड? अरामिस माझ्या बाजूने भांडला. मीच घडवलेलं पोर. इंटरप्टच्या मधे कोडने झोपायचं नसतं, हे त्याला मी शिकवलं. आता टक्कल पडलंय, पण मला अजून पोरच वाटतो.
संकल्प: ईस्टरपर्यंत कुणाशीही वाद नाही.

६ मार्च, शुक्रवार
वाद झाला. बहिणीशी होतो तो धरायचा नाही. जांदिराला समजावत होते की फाटक उघडतो तो कोड वेगळा, तो तातडीचा. पण मागे कार्डाची नोंद आवरून ठेवायची असते. ते काम जुना कोड सवडीने, जांभया देत करतो. माझा हँडलर तिथल्या तिथे करेल. जांदिरा म्हणाली, म्हणजे केरवारे करणारी. तीस वर्षं शिकून तू त्या फाटकाला मोलकरीण ठेवलीस!
तिला शाळेत मधल्या बाकावर बसवायचे.

१३ मार्च, शुक्रवार
चाचणी. ऑफिसमधलं नमुन्याचं फाटक अडकलं. कार्ड टेकवलं की नुसतं बघत राहतं. दोष कार्डांचा असावा, किंवा दमट हवेचा. आमच्या कुरितिबा शहराची हवा पूर्वी अशी नव्हती. खात्री करून घ्यावी म्हणून हाक देणारी ओळ तात्पुरती बंद केली. सोमवारी चालू करायची. हे काही विसरण्यासारखं नाही.

१७ मार्च, मंगळवार
फाटक लोण्यासारखं चालतंय! अरामिस मात्र संध्याकाळी थांबून थांबून त्या जुन्या कोडमध्येच खुडबुड करतो. मी म्हटलं, बाळा, माझा हँडलर आलाय, आता त्या म्हातारीला किती नटवशील? त्याने मान डोलावली. मग म्हणाला, हो दोना, तुम्ही म्हणता तसं. डोळे लाल होते. हळवा आहे पहिल्यापासून.

९ एप्रिल, गुरुवार
माझा हँडलर शहरातल्या सगळ्या थांब्यांवर बसवला. कुठेच फाटक अडकत नाही. साहेबांनी केक मागवला. म्हणाले, दोना, इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंत? मी विनयाने म्हटलं, कर्नलची कृपा. सगळे हसले. अरामिस तेवढा आपल्या बुटांकडे बघत केक खात होता. मत्सर असेल. त्याच्यासाठी प्रार्थना केली.

२१ मे, गुरुवार
हल्ली एक थांबा आधी उतरते आणि बाजूला उभी राहते. एक बाई कडेवर लेकरू घेऊन येते, कार्ड टेकवते, आत जाते. तिला ठाऊकही नाही की तिच्यामागे कुणीतरी हळूच आवरून ठेवलं. सगळी आवराआवर अशीच असते. आईची आठवण आली.

ऑफिसात पिन्यांव नेले होते. आमच्याकडे थंडी पडली की पाइनच्या या बिया उकडतातच. अरामिस म्हणाला, दोना, इतके मऊ कसे होतात हो तुमचे? मी सांगितलं, रात्रभर भिजवायचे, मीठ आधी घालायचं नाही. जांदिरा बहुतेक असंच काहीतरी करते.

१५ जून, सोमवार
निरोपाच्या भाषणाची तयारी. म्हटलं, एखादा आकडा असावा. कुठल्या सॉफ्ट इंटरप्टचं काम किती वेळा झालं, हे कर्नल मोजून ठेवतो. तक्ता उघडला. दहा ओळींत भलेमोठे आकडे. अकरावी ओळ: शून्य. पुढच्या प्रोसेसरखाली शून्य. त्याच्या पुढच्याखाली शून्य. जपमाळेसारखी शून्यंच शून्यं.
माझा घात झाला आहे. कुणीतरी माझी ओळ मारली.

दुपारी
कुठली ओळ कुणी बदलली, हे आमच्याकडे नोंदलेलं असतं. हाकेची ओळ तेरा मार्चला बंद. बंद करणार: लेओकाडिया. कारण: तात्पुरतं.
पण घात तो नव्हे. खाली तपासनीस म्हणून अरामिसचं नाव आहे. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत!

संध्याकाळी
अरामिसला फोन केला. म्हणाला, दोना, तुमची ओळ चालू असली की कर्नल आवरतच बसायचा. फाटकाकडे बघायला त्याला सवड उरायची नाही. म्हणून मी जुना कोडच दुरुस्त केला. तुम्हाला सांगणारच होतो, तेवढ्यात साहेबांनी केक कापला. मग कुठल्या तोंडाने सांगू?
मी म्हटलं, ज्या तोंडाने केक खाल्लास त्याच.
फोन ठेवला. गुरूचा घात करणाऱ्या यहूदाने निदान मोबदला तरी घेतला होता. याने फुकटात केलं. वर दुरुस्ती स्वतःची आणि टाळ्या मला! इतका अपमान माझा शत्रूनेसुद्धा केला नव्हता.
संकल्प: सेंट जॉनच्या सणाला त्याला दिलेलं जेवणाचं आमंत्रण रद्द. उद्या ओळ चालू करणार.

१६ जून, मंगळवार
ओळ चालू केली, फक्त नमुन्याच्या फाटकावर. मी काही वेडी नाही. फाटक अडकलं. कार्ड बदललं. अडकलं. आज हवा अगदी कोरडी आहे.
अरामिस मागे येऊन उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. कुणी कोड वाचत असलं की बोलू नये, हेही मीच शिकवलेलं. कॉफी ठेवून गेला. दोन चमचे साखर, बरोब्बर.
ओळ बंद केली. तात्पुरती.

२४ जून, बुधवार, सेंट जॉनचा सण
काल निरोप झाला. भाषण उत्तम. म्हटलं, माझा अकरावा हँडलर आजवर एकदाही चुकलेला नाही. हे अक्षरशः खरं आहे. सगळ्यात मोठ्याने टाळ्या अरामिसच्या.

आज तो जेवायला आला. आमंत्रण रद्द करायचं राहून गेलं होतं. अंगणात शेकोटी, गरम मसालेदार वाइन, पिन्यांव. पहिलाच तोंडात टाकला आणि म्हणाला, दोना, असे पिन्यांव जगात फक्त तुमच्या हातचे. मी म्हटलं, घे रे, लाजू नकोस.
जांदिरा पातेल्यापाशी होती, सोलून सोलून बोटं काळी झालेली. तिने काही बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि आपल्या चपलांकडे बघत राहिली.
ती नजर ओळखीची वाटली. किती वर्षं बघतेय ती अशी, तिला विचारायला हवं.
विचारेन. सोमवारी.