लेबल नसेल तर हिरवळीवर

३ जून
शिकारीच्या सोडतीत नाव लागलं. शिंगवाला एल्क, घोड्याएवढं हरीण, मारायची परवानगी, सप्टेंबरातला एक आठवडा. अर्ज करकरून केस पिकले. पुन्हा लागेपर्यंत मी नसेन. बायकोने, नेड्राने, मटणासाठी फ्रीझर रिकामा करायला घेतला.

८ जून
काडतुसं मी घरीच भरतो. नेहमीची दारू तळाला गेलीय, दुकानात वर्षभर नाही. हरकत नाही. चर्चच्या जेवणात जाहीर केलं, विकतच्या काडतुसाने जनावर मारलं तर नावाचा गार्थ नाही. मेहुणा डेलमार म्हणाला, "दाजी, बिशप ऐकतायत बरं का." ऐकू देत.

१९ जुलै
सीडर सिटीला रांग लावून पर्यायी दारू आणली. नेड्रा म्हणते, "जन्मात थेंब घेतला नाहीत आणि आता दारूसाठी रांगा." तिला शास्त्र कळत नाही.

२ ऑगस्ट
रायफलला ही दारू मानवत नाही. गोळ्या निशाणाच्या कागदावर भांडून वेगळे झालेल्या भावांसारख्या पांगलेल्या. वाऱ्यामुळे. दुसरा पर्याय आणला. हा अप्रतिम. सगळ्या गोळ्या बिस्किटाएवढ्या जागेत. सुटलो.

५ ऑगस्ट
डेलमार तळघरात डोकावत होता. पर्याय कोणता हे गावाला कळलं की दुकान साफ. दोन्ही डब्यांची लेबलं सोलून टाकली. माझ्या ध्यानात आहे.

९ सप्टेंबर
ध्यानात नाही. डबे सारखे, आतली दारूही सारखी. भलती भरली तर रायफल तोंडावर फुटायची. नेड्राला इतकी वर्षं मीच बजावत आलोय, लेबल नसेल तर हिरवळीवर. ती वरून म्हणाली, "ओतू ना?"
ओत म्हणालो. गवताला खत तरी होईल.

१६ सप्टेंबर
हंगाम सुरू. दुकानात दोन्ही पर्याय संपलेत. डेलमार विकतच्या काडतुसांची पेटी घेऊन आला. "घ्या दाजी, मी कुठे बोलत नाही." परत पाठवली. नंतर तळघरात बसून राहिलो. शब्द मोडला तर चर्चमध्ये तोंड दाखवता येणार नाही, पाळला तर फ्रीझर रिकामा. माझीच मला भीती वाटायला लागलीय. उद्या काहीतरी सुचेल.

१९ सप्टेंबर
सुचलं. पेटी मागून घ्यायची, डोंगरात कोण बघतंय. फोन केला. डेलमारने पेटी बिशपच्या मुलाला दिली. गावात दुसरी नाही.

२२ सप्टेंबर
हंगाम संपला. तसाही यंदा उकाडा फार, मटण टिकलं नसतं.

२३ सप्टेंबर, सकाळ
नेड्राने हळूच हाक मारली. खिडकीबाहेर एल्क. एवढी शिंगं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत. सगळा डोंगर वाळलेला आणि आमच्या अंगणात, जिथे डबे ओतले, तिथे हिरवंगार. खाली मान घालून निवांत चरत होता.
नेड्रा म्हणाली, "अहो, तुमची दारू लागू पडली."
फ्रीझरचं बटण मीच बंद केलं.