न पाहिलेले शेवट

आई, तू चुलीपुढे बसून रागीचे मुद्दे, नाचणीच्या पिठाचे गोळे, घोटत होतीस आणि मी मागच्या दारात भांडी घासत होते. तुझ्या एका हातात फडक्याने धरलेलं पातेलं, दुसऱ्या हातात लाकडी दांडा. पीठ घोटताना हात थांबला तर गुठळ्या होतात, म्हणून त्या वेळी तू कोणासाठीही उठत नसायचीस. अप्पा आंघोळीला गेले होते, बंबाचा धूर न्हाणीतून स्वयंपाकघरात येत होता. मी राखेचे हात तसेच ठेवून विचारलं, "आई, मग ती मास्तरीण त्याला घरात घेते का?" तू पातेल्यावरची नजर न काढता म्हणालीस, "घेते. पण लगेच नाही."

आदल्या दिवशी आपण गावात जाऊन सिनेमा पाहिला होता. पाहिला म्हणजे नेहमीसारखा शेवट सोडून. तेव्हा आपलं हिनकल गावाबाहेर होतं आणि संध्याकाळचा खेळ संपायच्या आधीच आपली शेवटची बस सुटायची. पडद्यावर नायक नेमका दाराशी येऊन उभा राहिला की अप्पा उठायचे. "साकु, साकु, पुरे झालं. बस काय तुझ्या हिरोची वाट बघत थांबणार आहे?" मागचे लोक "बसा, बसा" म्हणून ओरडायचे, आपण वाकून त्यांच्या पायांवरून बाहेर पडायचो आणि मी बसमध्ये रुसून बसायचे. तू काही समजूत घालायची नाहीस. सकाळी मुद्दे घोटताना मात्र उरलेला सिनेमा पुरा करायचीस. मुद्दे होईपर्यंत शेवट व्हायचा, कारण नंतर अप्पांना वाढायचं असायचं.

त्या मास्तरणीचा नवरा होडीतून गेलेला, वर्षानुवर्षं बेपत्ता. तू सांगितलंस की तो शाळेच्या दाराशी येतो तेव्हा ती मुलांना पाढे म्हणून दाखवत असते. ती त्याला बघते, ओळखते, आणि घंटा होईपर्यंत वर्ग सोडत नाही. तो बाहेर उन्हात उभा राहतो. मी म्हटलं, "असं कसं? धावत जायला नको का?" तू म्हणालीस, "इतकी वर्षं तिनं वाट बघितली, आता त्यानं घंटेपर्यंत तरी बघावी." मला तेव्हा राग आला होता. पण दिवसभर तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे उन्हात उभा होता.

शेजारच्या काकू गावातच माहेरी राहून तो सिनेमा पुरा बघून आल्या. त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "अक्का, तुम्ही पोरीला सांगितलं ते सगळं खोटं. ती शेवटी मरते!"

"असं? कशानं?"

"वीज पडते की अंगावर."

"मग त्यांचं चुकलं," तू म्हणालीस आणि वाळत घातलेल्या मिरच्या उलटायला गेलीस.

मी विचारलं होतं, न बघता तुला कसं कळतं? तू म्हणालीस, "इतका वेळ त्या माणसांबरोबर बसलो आपण, मग कळणार नाही?" आणि आणखी एक गोष्ट म्हणालीस, ती मला त्या वेळी समजली नाही. शेवटाला बाहेरचा कोणी आणायचा नाही. पोलीस नको, वीज नको, स्वप्नात येणारा देव नको. ज्यांनी गोंधळ घातला त्यांनीच तो निस्तरायचा, आणि बोलायचं तेही ते रोज बोलतात तसंच. दुसऱ्या एका सिनेमात घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, तिथे मला वाटलं तू त्याच्या आईला रडवशील. तू म्हणालीस, "आई दार उघडते आणि म्हणते, पाय धुऊन ये." एवढंच. अजून कोणी लांबून आलं की मी तेच म्हणते.

तू गेल्यावर मी वाचायला लागले. घरी मराठी बोलत असलो तरी शाळा कन्नडात झाली, अक्षरं हिंदीमुळे ओळखीची होती, मराठी वाचणं लग्नानंतर स्वतःच जमवलं. हेब्बाळच्या कारखान्यात ह्यांच्याबरोबर महाराष्ट्रातून आलेले एक जण होते, त्यांच्या घरून जुनी मासिकं यायची. त्यांच्या बायकोच्या मराठीपुढे माझं मराठी म्हणजे अर्धं कन्नड, त्या हसायच्या, पण पुस्तकं द्यायच्या. मी कोणतंही पुस्तक वाचताना शेवटची पानं राहिली की थांबते आणि तू काय केलं असतंस ते ठरवते. मग वाचते. लेखकाचं आणि तुझं बरेचदा जुळत नाही. शेवट दुःखाचा आहे की सुखाचा, यानं मला फरक पडत नाही. वाईट तेव्हा वाटतं, जेव्हा इतका वेळ ओळखीचा असलेला माणूस शेवटच्या पानावर अनोळखी होतो.

ह्यांची तऱ्हा तुझ्या उलट. आम्ही सिनेमाला गेलो की शेवटी पडद्यावरची नावं संपून दिवे लागेपर्यंत हे खुर्चीतून उठत नसत. झाडणारा माणूस पायाशी येऊन थांबायचा. मला बसची सवय, मी आधीच चपला शोधत असायचे. हे म्हणायचे, "अगं, कुठं निघालीस? अजून संपलं नाही." तो मास्तरणीचा सिनेमा मी ह्यांच्याबरोबर घरी टीव्हीवर पुरा पाहिला. खरंच वीज पडली. मला फार हसू आलं आणि मग उगीच डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना तुझा शेवट सांगितला. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तुझ्या आईचाच बरा आहे. पण पाढा कितीचा होता?" हे असे.

हे गेले त्याला येत्या आठवड्यात वर्ष होईल. दवाखान्यात होते, बरे होत होते. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत घरी न्या. म्हणून मी घरी आले, आंघोळ केली, ह्यांचे बनियन धुतले, तांदळाची गंजी, म्हणजे पेज, केली. निघताना हे म्हणाले होते, "येताना चष्म्याचं फडकं आण. या चादरीनं नुसतं फासलं जातं." मी गंजीचा डबा आणि फडकं घेऊन परत गेले तेव्हा पडदा ओढलेला होता. नर्स म्हणाली, झोपेतच गेले. म्हणजे मी इथेही आधीच निघाले होते, आणि ह्या वेळी बससुद्धा नव्हती.

लेक परदेशात. तिला वेळेत येता आलं नाही. फोनवर ती विचारत राहिली, "आई, बाबा शेवटी काय म्हणाले? माझं नाव घेतलं का?" मी म्हटलं, तू ये, मग सांगते. ती उद्या येते आहे, वर्षश्राद्धाला.

तिच्यासाठी मी एक शेवट तयार केला आहे. तुझ्याकडूनच शिकले आहे, त्यामुळे बरा जमला आहे. त्यात मी ह्यांच्या उशाशी आहे, हे तिचं नाव घेतात, तिला सांभाळून राहायला सांगतात आणि डोळे मिटतात. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना मी तो मनात म्हणून पाहिला आहे. ऐकून ती रडेल आणि मोकळी होईल. पण म्हणताना दर वेळी माझी जीभ एकाच जागी अडते. ह्यांनी जन्मात कोणाला "सांभाळून राहा" म्हटलं नाही. फार तर म्हणायचे, "छत्री घेतलीस का?" त्या खोलीत मी एक परका माणूस आणून झोपवला आहे, आणि तू असतीस तर मिरच्या उलटायला निघून गेली असतीस.

तू असतीस तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुला अक्षर येत नव्हतं. म्हणून पाकीट शोधलं नाही. इथवर लिहून कागद डब्याखाली ठेवून दिला होता. पुढचं लेक आल्यानंतरचं.

ती आली. मी म्हटलं, पाय धुऊन ये. ती त्या दिवशी दमून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसपुढे उभी राहून रागीचे मुद्दे घोटत होते. ती ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आई, आता तरी सांग की." मी हात चालू ठेवला आणि जे झालं तेवढंच सांगितलं. मी तिथे नव्हते. नाव कोणाचंच घेतलं नाही. चष्म्याचं फडकं आण म्हणाले, चादरीनं नुसतं फासलं जातं.

मला वाटलं, माझं चुकलं.

मग ती म्हणाली, "फडकं? म्हणजे बाबांना पेपर वाचायचा होता." आणि हसायला लागली, हसता हसता ओट्यावर डोकं टेकून रडायला लागली. "म्हणजे त्यांना कळलंच नाही आई. ते पेपरची वाट बघत होते."

मी ते वाक्य वर्षभर मनात घोकलं होतं, पण मला त्यात फक्त मी वेळेत न पोचवलेलं फडकं दिसत होतं.

मी दांडा सोडला आणि तिला जवळ घेतलं. मुद्द्यांत गुठळ्या झाल्या. आम्ही ते तसेच खाल्ले.