दादाचा दुसरा पासवर्ड

देवरी, मंगळवार, संध्याकाळ

दादाला जाऊन चौदा दिवस झाले. आम्ही दोघं आसपासच्या गावांना इंटरनेट पुरवायचो; कोणत्या गावाचं कुठून जायचं, ते आमच्या सर्व्हरवर ठरतं. तिथे दोन पासवर्ड आहेत, एक नुसतं बघायला आणि दुसरा बदलायला. दादाने मला बघायचाच दिला होता. दुसरा का नाही? जंगलाकडची गावं कालपासून बंद आहेत, लाइन दुसरीकडून वळवायलाच हवी. गोंदियाचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, जुना वाचता येत नाही, पुसून नवा टाका. हात थांबला. काय ठेवला असेल त्याने?

इतक्या दिवसांत वहिनी पहिल्यांदा थोडं हसली. “तुम्ही हात लावला का बिघडते, म्हनत होते ते. कायले बसून राहिले भाऊजी? टाका न नवा.”

टाकला. गावं सुरू झाली. बघायचा मात्र दादाचाच राहू दिला.