डब्यातली गरमी

५ मे, मंगळवार
नाई म्हटलं तरी ऐकतच नाई हा माणूस. आमच्या लग्नाच्या शूटिंगच्या दुकानातल्या कम्प्युटरचा स्पीड पुन्हा वाढवला. कंपनीचा ४.२, आमच्या यायनं केला ४.८. मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकले.
म्हणे, "प्रोसेसरमंदी दम असते वं, कंपनीवाले पुरा काढत नाई."
मी म्हटलं, दम तुमच्यातबी होता. जिना चढताना दिसते.
हसले नाई.
बाहेर ४४ डिग्री ऊन. वर टिनाचे पत्रे. कम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला तं तव्यावानी लागला. त्यातच गिऱ्हाईकाच्या पोरीच्या, मालतीच्या लग्नाची शूटिंग आहे, फक्त त्यातच. कॅमेऱ्याचे कार्डं दोनच, ते पुढच्या लग्नासाठी पुसले. कॉपी काढा म्हटलं तं म्हणे, "मिक्सिंग झाल्यावर, गाणे-बिणे जोडून".

६ मे
मालतीच्या आजीचा फोन, महागावहून. कंबरेचं हाड मोडलं म्हणून म्हातारी लग्नाले गेलीच नाई. खाटेवर आहे. रोज फोन करते.
"काय वं बाई, माह्या नातीचं लगन लागलं का नाई तुमच्या डब्यात?"
मी म्हटलं, लागते आजी, आता अक्षता पडून राह्यल्या.
"मंग झटझट पाड. माही गाडी फलाटावर लागून आहे."
मी हसली. पण तिच्या लेकानं कालच सांगितलं, डॉक्टर म्हणे काही खरं नाई.

७ मे
यायले स्पीडचं काहून पडलं ते समजलं. मिक्सिंगची पुरी फाईल निघाले ४.२ वर पावणेआठ तास लागते. लाईन सलग राह्यते सात तास. गेली की पुन्हा पहिल्यापासून. ४.८ वर सात तासाच्या आत निघते म्हणे.
मी म्हटलं, तुकडे पाडून काढा, मंग जोडा. एका कणकेची एकच पोळी लाटतो का आपण?
"तुले काय समजते त्यातलं."
चवथी पास आहो. कणिक समजते.

८ मे
आज परीक्षा. डब्याले पुरा जोर लावून सहा तास चालवाचा, टिकला तं पक्का. हे जेवाले बसले, मले गरमीचा आकडा पाहाले बसवलं. पडद्यावरचे आकडे तेवढे येतात वाचता, बाकी सारं इंग्रजी. ८८. ९१. आतला पंखा गिरणीवानी. ९६. अन् पडदा निळा झाला.
मालती गेली, अक्षता गेल्या, म्हातारी...
आला. बंद करून चालू केला तं आला. हे हात धुवत म्हणे, "व्होल्टेज कमी पडलं." ते वाढवलं. म्हणजे गरमी अजून.
दुपारभर दुकानातून हलली नाई मी.

१० मे, रविवार
हे दारव्ह्याकडे शूटिंगले गेले. डब्याची परीक्षा चालूच ठेवून. आकडा ९५.
हे इथंच लिवते, कोनाले सांगत नाई. मी कूलर ओढला. डब्याचं बाजूचं झाकण काढलं, टाकी बोअरच्या पाण्यानं भरली, कूलर फुल्लवर त्याच्या तोंडापुढं. आकडा ७९ वर आला! एवढं साधं यायले सुचू नये? हे वापस याच्या आधी झाकण लावून टाकलं.

११ मे
आजबी हे बाहेर गेल्यावर तसंच केलं. थोडा फवारा उडते, पण गार राह्यते. जिवाले आराम.

१२ मे
सुरूच नाई झाला. चार वेळा बटन दाबलं. यायचं तोंड पांढरं फटक.
"मीच जास्त ताणलं. माहीच चूक."
मी चहा टाकाले आत गेली.

१३ मे
डबा घेऊन दोघं एसटीनं यवतमाळले. मांडीवर धरून नेला. मिस्त्रीनं उघडला. आतल्या बोर्डावर पांढरी पापडी, कूलरच्या जाळीवर जमते तशीच.
"भाऊ, कूलरपुढं ठेवत होते का?"
हे म्हणे, "छ्या! आमच्या घरी असं कोनी करत नाई." माह्याकडं पाह्यलंबी नाई. तेच जास्त लागलं.
शूटिंग हाती येईन का? मिस्त्री म्हणे, पाहू.

१४ मे
म्हातारीचा फोन. आवाज विहिरीतून आल्यावानी.
"पडल्या का वं अक्षता?"
फोन यायच्या हातात दिला. हे म्हणे, "सोमवारी घेऊनच येतो आजी."
कायच्या भरवशावर?

१५ मे, शुक्रवार
मिस्त्रीचा फोन. बोर्ड गेला, पण शूटिंग आहे ते डिस्क दिसते. दुसऱ्या बोर्डावर लावून देतो, उद्या न्या. देवीपुढं नारळ ठेवला.
अन् हे काय म्हणतात? "नवीन बोर्ड आहे, सरळ ४.८ वर टाकतो. सोमवार गाठाचा आहे."
आता ही वही तुमच्या टेबलावर उघडी ठेवते. दहा तारखेचं वाचा. कूलर मीनं लावला. तुम्ही चार दिवस सोताले शिव्या देऊन राह्यले अन् मी आयकत बसली. काय बोलाचं ते बोला, आयकते. पण डिस्क आली की पहिले कॉपी. मंग ४.२. मंग तुकडे. हे करता का नाई ते उद्या सकाळी चहाच्या आधी सांगा. नाई तं मी म्हातारीले फोन लावून सारं खरं सांगते. तोंडानं सांगणं जमत नसन तं खाली जागा सोडली आहे, लिवा.