जावयाच्या ताटावर शासकीय मर्यादा घालणेबाबत

प्रति,
मा. गट विकास अधिकारी,
पंचायत समिती, कळमनुरी, जि. हिंगोली.

विषय : अधिक महिन्यात जावयास किती वाढावे, याबाबत सासूबाईंस लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : श्रीमती द्वारकाबाई रामकिशन अडकिणे (सासूबाई), रा. डोंगरकडा, यांचे फोनवरील तोंडी म्हणणे.

महोदय,

मी आपल्याच कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. या अर्जात रजा वा बदली मागितलेली नाही, हे आधीच नमूद करतो, म्हणजे आपण पुढे वाचाल.

१) जानेवारीत माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. जठराची पिशवी आता अंड्याएवढी आहे. आहारतज्ज्ञ मंजुषा मॅडम यांची सूचना अशी की, आधी डाळ, अंडे, पनीर; जागा उरलीच तर भाकरीचा तुकडा; पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने; गोड वर्ज्य.

२) अधिक महिना लागताच मेहुणे भागवत यांनी धोंडे जेवायला बोलावले. पुरणाचा दीड धोंडा, वर तुपाची धार, एवढे पोटात गेले आणि थोड्याच वेळात छाती धडधडून, घाम फुटून मी ओसरीवर आडवा झालो. गोड एकदम आतड्यात उतरले की असे होते, हे मी आडवा असतानाच सांगत होतो. सासूबाई म्हणाल्या, "बघा, अंगात जीवच न्हाई राहिला," आणि त्यांनी शिरा केला. शिऱ्यानंतर पुन्हा तेच झाले. मग गुळाचे पाणी आले. मी उठू लागलो, तर शेजारच्या शकुबाई म्हणाल्या, "काहून उठवून राहिले? झोपल्या झोपल्याच पाजा की."

३) डॉक्टरांचा कागद दाखवला. "त्यानंच पोट कापलं अन् तुमी त्याचंच ऐकून राहिले व्हय?" असे उत्तर मिळाले. माझी पत्नी साधना हिला, "पगाराच्या माणसाला उपाशी ठेवती व्हय गं?" असे विचारण्यात आले. ती हल्ली माहेरचा फोन उचलत नाही.

४) गोडाने जागा भरली की डाळीला उरत नाही. शरीर आता चरबीबरोबर मांसही जाळू लागले आहे. केस गळतात, कार्यालयाचा जिना कठडा धरून चढतो. असेच चालले तर दवाखान्यात भरती व्हावे लागेल, असे मॅडम म्हणाल्या. येत्या रविवारी पुन्हा बोलावणे आहे. न गेल्यास सासूबाई डबा घेऊन इकडे येणार आहेत.

५) त्यांचे घरकुल आपल्या सहीने मंजूर झाले. तेव्हापासून त्या दुसऱ्या कुणाचा कागद मानत नाहीत. "तुमच्या साहेबानं लिहून देऊ द्या, मग सोडते," हेच त्यांचे संदर्भीय म्हणणे.

६) एक गोष्ट लपवत नाही. सासरे रामकिशन असेच वाळत गेले होते. शेवटी घोटभर दूधही उतरत नव्हते. सासूबाई माझी सैल झालेली कॉलर बघतात आणि वाढत राहतात. म्हणून आदेशात ‘वाढू नये’ असे कृपया लिहू नये. ‘दर दोन-तीन तासांनी चार चमचे मुगाचे वरण किंवा अर्धे अंडे, समोर बसून, हळूहळू खाऊ घालावे,’ असे लिहावे. त्याखाली वेगळ्या ओळीत ‘जावई मरत नाही’ एवढे लिहावे. मी ते फोनवर सांगायला गेलो आणि ‘जेवलात का?’ एवढेच विचारून फोन ठेवला. आपला शिक्का तेवढा ठळक उमटावा.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
विजयकुमार उत्तमराव पतंगे

दिनांक : २५ मे २०२६